मोडक्या पेटीचा आकाशकंदील



दिवाळीची सुट्टी जवळ आली की बहुतेक शाळांत मुलांच्या वहीत एक ओळ लिहून दिली जाते : "टाकाऊपासून टिकाऊ – सजावटीची एक वस्तू तयार करून आणणे." मीही बरीच वर्षं ही ओळ लिहून देत होते. सुट्टी संपली की वस्तू यायच्या, टेबलावर मांडायच्या, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा आणि कार्यानुभवाच्या रकान्यात 'अ' श्रेणी द्यायची. विषय संपला.

एका वर्षी मात्र मी त्या वस्तू नीट हातात घेऊन पाहिल्या. आइस्क्रीमच्या काड्यांचे सात आकाशकंदील होते आणि साती सारखे होते. काड्या कोऱ्या होत्या, म्हणजे आइस्क्रीम कुणीच खाल्लं नव्हतं. तालुक्याच्या बाजारातून पाकीट आणलेलं, चमकी आणलेली, गमाची नळी आणलेली. एका मुलाला विचारलं, "हे कसं जोडलंस?" तो म्हणाला, "आईन केल्यान." आई काजूच्या कारखान्यात जाते. संध्याकाळी घरी येऊन, भाकऱ्या करून, रात्री अकरापर्यंत जागून तिने तो कंदील केला होता. म्हणजे 'अ' श्रेणी मी त्या माऊलीला दिली होती! आणि 'टाकाऊपासून टिकाऊ'साठी आपण घराघरांतून नवा माल विकत आणायला लावत होतो.

खरं सांगायचं तर मला कुणाला नावं ठेवायचा अधिकार नाही. डी.एड.ला असताना कार्यानुभवाच्या प्रात्यक्षिकाला मी स्वतः विकतचं तोरण नेलं होतं. मागे चिकटवलेली किमतीची चिठ्ठी फक्त काढून टाकली होती.

त्यामुळे या लेखात मला एकच म्हणणं मांडायचं आहे. सणाची सजावट मुलांनी शाळेत, स्वतःच्या हातांनी, खऱ्या जुन्या लाकडातून करावी. ती वेडीवाकडी झाली तरी चालेल. करवत आणि हातोडी मुलांच्या हातात द्यायला आपण घाबरतो, ती भीती थोडी बाजूला ठेवू या. मी हे करून पाहिलं आहे, त्यात चुकलेही आहे. दोन्ही सांगते.

लाकूडच का?

माझी शाळा सिंधुदुर्ग जिल्ह्यात. द्विशिक्षकी. तिसरी-चौथीची मिळून अकरा मुलं माझ्याकडे आहेत. मी मूळची घाटावरची. इथे आल्यावर पहिल्याच गणपतीत एका घरी गेले आणि मूर्तीकडे बघण्याऐवजी वरच बघत राहिले. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगलेली आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं, काकड्या, आंब्याचे टाळे बांधलेले. तीच माटवी. कुणी माटोळी म्हणतात. विसर्जन झालं की फळं-पानं उतरतात, चौकट पुसून माळ्यावर जाते आणि पुढच्या वर्षी पुन्हा खाली येते. त्या घरातली चौकट आजोबांच्या वेळची होती.

मला वाटलं, सजावट कशी असावी हे या लोकांना आपल्या पुस्तकांच्या आधीपासून माहीत आहे. सांगाडा टिकाऊ लाकडाचा, त्यावरचं सगळं कुजून मातीत जाणारं. आणि त्याच गावात आम्ही शाळेत थर्माकोल कापत होतो.

थर्माकोलचं तर आता कायद्यानेच ठरवून टाकलं आहे. राज्य शासनाने 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली. पुढे 1 जुलै 2022 पासून देशभर ज्या एकदाच वापरायच्या प्लास्टिक वस्तू बंद झाल्या, त्या यादीतही सजावटीचा थर्माकोल आहे. तरी बाजारात तो मिळतो, हे तुम्हाला-आम्हाला माहीत आहे. बंदीचं पोस्टर मुलांकडून रंगवून घेणं सोपं आहे. पण त्याऐवजी वापरायचं काय, हे मुलांच्या हाताला कळलं नाही तर ते पोस्टर भिंतीवरच राहतं.

आमच्याकडे लाकडाला तोटा नाही. हापूसचा हंगाम संपला की मोडक्या पेट्या परड्यात पडून असतात. आता पुठ्ठ्याचे खोके वाढलेत, तरी लाकडी पेट्या अजून दिसतात. शिवाय मोडकी खिडकी, बाजेचा पाय, जुन्या छपराचे वासे-रिपा. पावसानंतर हे सगळं चुलीत जातं. चुलीत जाऊ नये असं मी म्हणत नाही, लोकांना सरपण लागतं. त्यातल्या चार पट्ट्या आपण मागून घ्यायच्या, एवढंच.

तुम्ही शहरात असाल तर फळवाल्याकडे सफरचंदाच्या पेट्या मिळतील. विदर्भात असाल तर तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी घरोघर असतो, त्याच्यासाठी गाडी किंवा तोरण करता येईल. जिथे आहोत तिथलं लाकूड आणि तिथला सण धरायचा.

आकाशकंदिलात दडलेलं गणित

आम्ही सोपा, घनाच्या आकाराचा कंदील ठरवला. चौथीला कडा, कोपरे, पृष्ठभाग शिकवताना मी दरवर्षी खडूची पेटी दाखवते. मुलं "कडा 12, कोपरे 8, पृष्ठभाग 6" पाठ म्हणतात आणि आठवड्याने विसरतात. या वेळी मी आकडे सांगितलेच नाहीत. विचारलं, "कंदिलाला किती काठ्या लागतील?" कुणी आठ म्हणालं, कुणी सोळा. मग जमिनीवर काठ्या मांडून बघितल्या : खाली चार, वर चार, उभ्या चार. बारा! एकाही मुलाला ते पाठ करावं लागलं नाही.

प्रत्येक काठी 20 सेंटिमीटर. पेटीची पट्टी साधारण 45 सेंटिमीटर लांब, म्हणजे एका पट्टीत दोन तुकडे आणि थोडं उरतं. पट्टी उभी चिरली तर दोनाचे चार. मग एका कंदिलाला पट्ट्या किती? तीन. हा भागाकार मुलांनी करवत लावण्याआधी केला. कारण एकदा कापलं की लाकूड परत जोडता येत नाही. वहीत चुकलं तर खोडरबर आहे, इथे नाही. "दोनदा मोपा, एकदा कापा" हे मी सांगितलं, पण पटलं ते पहिली काठी आखूड कापली गेल्यावरच.

आणि मग खरी गंमत झाली. पहिल्या गटाने चारही काठ्या नेमक्या 20 सेंटिमीटरच्या कापल्या, टोकाला टोक भिडवून चौकट मांडली. मोजली तर एक बाजू 20 आणि दुसरी 22! "बाई, चौरस होत नाही." सगळ्या काठ्या सारख्या, तरी आयत कसा झाला? मीही क्षणभर गोंधळले. मग लक्षात आलं की काठीला जाडी असते. ती होती 1 सेंटिमीटर. दोन काठ्यांच्या मध्ये दोन काठ्या बसवल्या की त्या बाजूला दोन्हीकडच्या जाड्या मिळवल्या जातात. वहीतल्या रेघेला जाडी नसते, लाकडाला असते. मधल्या काठ्या 18 च्या केल्या की चौरस जमतो. एका मुलीने हे माझ्याआधी सांगितलं. ही मुलगी गणिताच्या चाचणीत मागे असते.

आकारिक मूल्यमापनात आपण प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प अशी साधनं लिहितो. या एका कंदिलात ती तिन्ही होती आणि मला नोंदी 'तयार' कराव्या लागल्या नाहीत.

"करवत घरात आसाच"

ही मुलगी गावातल्या सुतारआजोबांची नात. मला रंधा धरता येत नाही, म्हणून मी आजोबांना शाळेत बोलवायला गेले. मला वाटलं होतं, ते खूश होतील. ते गप्प बसले. मग म्हणाले, "करवत घरात आसाच, बाई. ती सुटाची म्हणान तर चेडवाक शाळेत घातलंव."

करवत सुटावी म्हणून तर मुलीला शाळेत घातली. एवढी मालवणी मला आता कळते, आणि त्यामागचं दुःखही कळलं. त्यांची मुलं मुंबईला गेली, कारण हातावरच्या कामाला गावात ना दाम राहिला ना मान. आता शाळेनेच पुन्हा तिच्या हातात करवत द्यायची?

हा आक्षेप मला सगळ्यात मोठा वाटतो. सुरक्षिततेपेक्षाही मोठा. महात्मा गांधींनी ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी ठेवलं, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला, हे आपण डी.एड.ला पाठ केलं. पण परीक्षेत न येणारा एक प्रश्न असा, की हाताने काम करणं कुणी शिकायचं? ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या तेच आहे त्यांनीच, की सगळ्यांनी?

माझं उत्तर मी आजोबांना सांगितलं. तुमच्या नातीला सुतार करायला नाही, पण सावकाराच्या, मास्तरच्या आणि दुकानदाराच्या नातवालाही एकदा कळू दे की सरळ कापणं किती कठीण असतं. सगळ्या मुलांनी करवत धरली तरच ती कुणा एकाच्या गळ्यात पडणार नाही. फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेयस यांच्या प्रयत्नांतून 1866 साली लोकशाळांत हस्तकाम सक्तीचं झालं, ते सर्वसाधारण शिक्षण म्हणून, धंदा शिकवण्यासाठी नाही. आपल्या 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, सुतार-कुंभार-माळी अशा कारागिरांसोबत घालवायचे म्हटलं आहे. चांगलंच आहे. पण सहावीपर्यंत थांबायचं कशाला? तोपर्यंत कोणतं काम हलकं आणि कोणतं भारी, हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

आजोबा आले. दोन दिवस आले. पहिल्या दिवशी आम्ही त्यांना शाल-श्रीफळ दिलं. त्यांनी नारळ हातात घेऊन हसत म्हटलं, "नारळ माझ्याच परड्यात आसत, बाई." मला फार ओशाळल्यासारखं झालं. गटविकास, संगणक, योग, कशाकशासाठी तज्ज्ञ येतात तेव्हा मानधन विचारतो ना आपण? मग सुताराला नारळ का? दुसऱ्या दिवशी शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढून त्यांची दोन दिवसांची मजुरी दिली. तेव्हा त्यांनी पैसे घेतले आणि पुढच्या वेळी गुण्या आणतो म्हणाले.

त्यांनी शिकवलेली एकच गोष्ट सांगते. आम्ही पेटीच्या पातळ पट्टीला टोकाशी खिळा मारत होतो आणि पट्टी दर वेळी चिरत होती. ते म्हणाले, हे लाकूड खिळ्याचं नव्हेच. त्यांनी काठ्या टोकाला टोक न भिडवता एकीवर एक आडव्या ठेवल्या आणि सांधा काथ्याने करकचून बांधला. एकीवर एक ठेवल्यावर सगळ्या काठ्या 20 च्याच चालल्या आणि चौरसही जमला. मुलांनी शोधलेलं 18 चं उत्तर बरोबर होतं, हेही बरोबर. एका प्रश्नाची दोन बरोबर उत्तरं असतात हे मी एरवी फक्त बोलून दाखवते.

माझी चूक

आता चुकीबद्दल. एका मुलाच्या अंगठ्यावर हातोडी बसली. नख काळंनिळं झालं. बरं झालं, पण आठवडाभर दुखलं. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "बाई, उद्या बोट गेलं असतं तर?"

दोष हातोडीचा नव्हता, माझा होता. एकदम सहा मुलांना मी साधनं दिली होती आणि त्याच वेळी तातडीने मागवलेली कसलीशी माहिती मोबाइलवर भरत होते. मी त्यांना हे जसंच्या तसं सांगितलं. उपक्रम बंद केला नाही, पण चार दिवस थांबवला, नियम ठरवले आणि ते नियम त्यांना दाखवून पुन्हा सुरू केला. ते स्वतः एक दिवस येऊन बसले. तुम्ही करणार असाल तर हे नियम घ्या :

1. एका वेळी दोनच मुलं करवत-हातोडीवर. बाकीची मापं घेणं, घासणं, कागद कापणं यावर. शिक्षकाचा मोबाइल कपाटात.
2. लाकूड आधी मोठ्यांनी तपासायचं. जुने खिळे पकडीने काढायचे आणि मोजून डब्यात टाकायचे. शेवटी जमिनीवरून चुंबक फिरवायचा. हे काम मुलांना फार आवडतं.
3. ओलं, बुरशीचं, वाळवीचं लाकूड नको. घेतलेलं लाकूड चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवायचं.
4. जुन्या रंगाची दारं-खिडक्या घासायच्या नाहीत. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ती धूळ मुलांच्या पोटात जाणं फार वाईट. बिनरंगाचं लाकूडच घ्या.
5. प्लायवूड, एमडीएफचे तुकडे घासू-कापू नका. त्यांच्यात रासायनिक डिंक असतो, धूळ त्रास देते.
6. शहरात परदेशी मालाचे लाकडी पॅलेट मिळतात. त्यावरचा शिक्का वाचा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते शाळेत आणू नका. माल सांडून डाग पडलेलंही नको.
7. काचकागदाने घासताना नाका-तोंडाला रुमाल आणि पायात चप्पल. घासकाम उघड्यावर.
8. आमच्याकडे लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावतात, ते कातडी भाजतं. मुलांसाठी जवसाचं तेल पुरे. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकते. पाण्यात भिजवून मगच टाका.
9. लाकडी-कागदी कंदिलात पणती कधीही नको. एलईडी दिवा लावा. पणत्या लाकडी पाटावर ठेवायच्या तर खाली मातीची किंवा पितळेची ताटली ठेवा.
10. खरचटलं, खिळा लागला तर साबण-पाण्याने धुवा, घरी कळवा आणि आरोग्य केंद्रात दाखवा. लपवू नका.

नियम वाचून कुणी म्हणेल, एवढी कटकट कशाला? खरं आहे. विकत आणणं सोपं आहे. पण आपली मुलं घरी विळी वापरतात, कोयत्याने नारळ सोलताना बघतात, झाडावर चढतात. धोका त्यांच्या आयुष्यात आहेच. शाळेत आपण त्यांना तो सांभाळायला शिकवू शकतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. आम्हाला आठ तासिका लागल्या. त्यातल्या तीन कार्यानुभवाच्या, तीन गणिताच्या, एक परिसर अभ्यासाची आणि एक मराठीची. मराठीच्या तासाला मुलांनी कृती लिहिली. "आकाशकंदील" या विषयावर दरवर्षी येणारा दहा ओळींचा निबंध आणि या वेळची कृती यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. एकाने लिहिलं होतं, "करवत ढकलताना नाही, ओढताना पण लक्ष द्यावे लागते, नाहीतर ती आपल्याला पाहिजे तिथे जात नाही." हे वाक्य त्याला कुठल्याही निबंधमालेत मिळालं नसतं.

झालं काय शेवटी?

तीन कंदील झाले. एक चांगला, एक तिरका आणि तिसरा सुट्टीतच सुटला, कारण काथ्याची गाठ ढिली होती. जुन्या वहीच्या पानांना तेलाचा हात लावून वाळवलं आणि तो कागद बाजूंना लावला. आत दिवा लागला की मुलांची अक्षरं, लाल शेरे, चुकलेली बेरीज, सगळं कंदिलावर दिसतं. उरलेल्या तुकड्यांना गिरमिटाने भोकं पाडून व्हरांड्याला तोरण केलं. शेजारच्या शाळेतल्या सजावटीपुढे आमची शाळा फोटोत फिकीच दिसली, हे कबूल करते.

तिरका कंदील त्या अंगठा दुखावलेल्या मुलाच्या गटाचा होता. त्याने विचारलं, "बाई, ह्येका काय श्रेणी?" मी म्हटलं, "कुठे चुकलं ते सांग, मग देते." त्याने कंदील उलटा करून नेमका सांधा दाखवला. मी 'अ' दिली. ही मात्र खरी त्याची होती.

आजोबांच्या नातीने पुढे सुतारकाम करावं असं मला वाटत नाही, आणि करू नये असंही नाही. ते तिचं ती ठरवेल. पण माहितीच्या फॉर्ममध्ये घरच्या व्यवसायापुढे तिने आधी "शेती" लिहिलं होतं. दिवाळीनंतर भरायला दिलेल्या फॉर्ममध्ये "सुतारकाम व शेती" लिहिलं. मी काही सांगितलं नव्हतं.

पालकहो, तुम्हाला एकच विनंती. मुलाचा प्रकल्प तुम्ही करू नका. त्याला एक मोडकी पट्टी आणि काथ्या द्या, जवळ बसा आणि हात मागे ठेवा. शिक्षक मित्रहो, तुम्हालाही एकच : पुढच्या सुट्टीआधी वहीत "करून आणणे" लिहिण्याऐवजी ती वस्तू वर्गातच करू या. आणि गावातला सुतार, बुरुड, कुंभार यांना बोलवाल तेव्हा नारळासोबत मजुरीही द्या.

सर्वांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा!